डाव्या बाजूला बसा

माझ्या थोरल्या जाऊबाई होमिओपॅथीच्या डॉक्टर. गल्लीतली पोरं त्यांना साखरबाई म्हणायची. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा दवाखाना होता: एक टेबल, दोन खुर्च्या, कपाटात बोटाएवढ्या बाटल्या. गोळ्या द्यायला त्यांना वेळ लागत नसे, वेळ जायचा तो ऐकण्यात. तहान किती लागते, झोपता कुठल्या कुशीवर, रडू कधी येतं, सगळं विचारायच्या. माणसं खोकला घेऊन यायची आणि सासूचं गाऱ्हाणं सांगून हलकी होऊन जायची.

पन्नाशीनंतर त्यांना ऐकू येईनासं झालं. उजवा कान पार गेला, डावा जेमतेम. यंत्र लावलं तर नुसती घरघर. मग मी शेजारी बसून पेशंटचं म्हणणं त्यांना मोठ्यानं सांगू लागले. एकदा ओरडले, “ताई, यांना पोट साफ होत नाही!” बाहेरच्या बाकावर हशा पिकला. ते गृहस्थ जे गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. हळूहळू बाक रिकामा पडला. ताई मात्र सकाळी टेबल पुसून बसायच्याच.

“बंद करू या का गं आता?” त्यांनी एकदा विचारलं.

त्याच सुमारास शेजारच्या गल्लीतली शिवणकाम करणारी बाई आली. माझ्याकडे बघून घुटमळली. मग खुर्ची ओढून ताईंना अगदी खेटून बसली आणि त्यांच्या डाव्या कानाला तोंड लावून बोलू लागली. मी आपली स्वयंपाकघरात निघून आले.

थोड्या वेळानं पाहते तर ताई चपला घालून उभ्या.

“हिच्या छातीत गाठ आहे,” त्या म्हणाल्या. “हे माझ्या गोळ्यांचं काम नाही. मोठ्या हॉस्पिटलात नेते हिला.”

बाई रडत होती. “घरीसुद्धा बोलले नव्हते हो कुणाला.”

“मला सांगितलंस ना? चल.”

ऑपरेशन झालं, पुढचे उपचार झाले. प्रत्येक खेपेला ताई सोबत. तिथल्या डॉक्टरांचं बोलणं त्यांना ऐकू येत नसे, पण बाईचा हात सोडत नसत. ती बरी झाली आणि ज्याला त्याला सांगत सुटली, “डॉक्टरीणबाईंच्या डाव्या बाजूला बसा, नीट ऐकतात.” माणसं पुन्हा येऊ लागली. माझी ओरडून सांगायची नोकरी गेली ती कायमची.

शिवणवाली अजून येते. दुखत-खुपत काही नसतं. दोघी डोक्याला डोकं लावून बसतात आणि मध्येच ताईंचं खळखळून हसणं आतपर्यंत ऐकू येतं.