मामाचे दोन्ही हात

मुंबईहून मचव्यातून (शिडाच्या होडीतून) येताना मांडव्याचा किनारा आधी दिसत नाही, त्याचा वास येतो. ओल्या काथ्याचा, सुकत्या बोंबलांचा आणि मधूनच कुठल्याशा चुलीवरच्या भाकरीचा. मग धुक्यातून माडांचे शेंडे तेवढे वर येतात. खाली जमीन आहे की नाही, देव जाणे. नाताळ नुकता होऊन गेला होता. मचवा इतका अलगद चालला होता, की आपण जागच्या जागी आहोत आणि कुलाबा जिल्हाच आपल्याकडे वाहत येतो आहे असं वाटावं.

अशा सुंदर वेळी मी प्रार्थना करत होतो. म्हणजे प्रभूला कामं सांगत होतो. शाळेचे पेपर, ख्रिस्तमंदिरातल्या गायनाची तालीम, रविवारचा मुलांचा वर्ग, दारूबंदी मंडळाची चिटणिशी, आईचा दमा, धाकट्याची नोकरी. एखाद्या कारकुनाला मजकूर सांगावा तसा माझा हा रोजचा क्रम. सगळं त्याच्या कानावर घालायचं आणि मग सगळं मीच करायचं, असा आमचा दोघांचा करार होता. त्याला विचारलं नव्हतं, एवढंच.

त्या दिवशी खरं काम एकच होतं. आक्षीला माझ्या बहिणीच्या, करुणाच्या, मुलाचा बाप्तिस्मा होता, आणि बाप्तिस्म्याला मूल मामानं हातावर धरायचं, ही आमच्या घरची रीत. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, फेरीवर आले होते. दुपारच्या भरतीला त्यांचा मचवा रेवदंड्याला निघणार, पुन्हा येणार ते पावसाळा सरल्यावर. करुणाचं पहिलं मूल बाप्तिस्म्याआधीच गेलं होतं. या खेपेला तिला थांबायचं नव्हतं. "दादा, तू फक्त ये," असा तिचा निरोप होता.

फक्त येणं मला जमत नाही. माणूस कोकणात निघाला हे कळताच मंडळीतला प्रत्येक जण काही ना काही घेऊन आला, आणि मी प्रत्येकाला हो म्हटलं. गाण्यासाठी बाजाची पेटी मी आपणहून घेतली. दारूबंदीच्या पत्रकांचा गठ्ठा घेतला. लोणच्याची बरणी, कुणाच्या तरी काकांचा कंदील, कापडाचं गाठोडं, आणि किहीमच्या एलोजीदादांना त्यांच्या मुंबईच्या भावानं पाठवलेला तांब्याचा हंडा. आईनं शेवटी एक लहानसं पांढरं पुडकं दिलं: बाप्तिस्म्याचा झगा. मी आणि करुणा दोघंही तो घालून देवाच्या घरात शिरलो होतो.

मांडव्याला मिळालेल्या बैलगाडीनं किहीमला सोडलं. हंडा पोचवायचा आणि एलोजीदादांचीच गाडी जोडून पुढे अलिबाग गाठायचं, असा माझा बेत. एलोजीदादा म्हणजे शनवारतेली (शनिवारी घाणा बंद ठेवणारे इस्राएली तेली). माडांखाली घाणा गप्प होता. चूल थंड होती. दादा धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसले होते आणि उन्हाचे कवडसे त्यांच्या पायांवरून हलत होते.

"दादा, गाडी जोडता का?" हंडा ओट्यावर ठेवत मी विचारलं.

"आज शनवार हाय, मास्तर."

वर्षानुवर्षं मुलांना शब्बाथाचा, विसाव्याच्या वाराचा, धडा शिकवणारा मी, शनिवार पाहून शनवारतेल्याकडे गाडी मागायला आलो होतो!

"मी हाकतो," मी म्हणालो.

"तू हाकशील. पन बैल नाय चालनार. त्यांचा पन शनवार हाय."

बैल खरोखरच डोळे अर्धे मिटून रवंथ करत होते. दादांनी आदल्या दिवशीची भाकर आणि खोबरं पुढे केलं. "तुमचा वार कंचा?"

"रविवार. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त काम असतं."

दादा हसले नाहीत. एक बैल हसला असावा.

पुढची वाट पायी. झग्याचं पुडकं धरायला हात उरला नव्हता, म्हणून पुडकं सोडून झगा फेट्याच्या आत गुंडाळला. वाडीमागून वाडी गेली, समुद्र कधी उजवीकडून कुजबुजायचा, कधी नाहीसा व्हायचा. मी चालतो आहे की झोपेत आहे हेही मधूनमधून कळेना.

अलिबाग ओलांडून खाडीशी आलो. ओहोटी होती. पलीकडे वाळूवर करुणा मुलाला घेऊन उभी होती, शेजारी छत्री धरून पाळकसाहेब आणि त्यांचा गाळात टेकलेला मचवा. माणसं लांबच्या वळणाने, घट्ट वाळूवरून खाडी ओलांडत होती. मी नाकासमोर निघालो. चकाकणारा गाळ मला आकाशच वाटला, आणि त्या आकाशात मी मांड्यांपर्यंत गेलो.

खेकड्यांची टोपली घेऊन जाणारी एक कोळीण थांबली. "यो मानूस हाय का हमाल? पेटी सोर ना रं!"

"पेटी मंदिराची आहे!"

"मंग तू कोनाचा?"

मी पेटी आणखी वर धरली. मागून पाणी चढू लागलं. पलीकडून मचव्याचा नाखवा ओरडला, "पाळकसाहेब, भरती आली! चला!" मी डोळे मिटले, प्रार्थनेला लागलो आणि सवयीनं शाळेच्या पेपरांपासून सुरुवात केली.

डोळे उघडले तो पाळकसाहेबच समोर. धोतर खोचून, म्हातारे बारीक पाय गाळात रोवून, कोळणीनं दिलेल्या फळीवर वाकलेले.

"हात दे."

"कुठला?" मी विचारलं.

"दोन्ही."

"मग पेटी?"

"पेटीचा बाप्तिस्मा नाही आज. तुझी बहीण वाट बघते आहे. सोड."

सोडलं. पेटी बदकासारखी गाळावर बसली आणि तिरकी झाली. बरणी गेली, कंदील गेला, गाठोडं गेलं, दारूबंदीची पत्रकं खेकड्यांत वाटली गेली. पाळकसाहेबांनी आणि कोळणीनं मला उपटून काढलं.

"दादा, झगा?" करुणाचा पहिला शब्द. तिचा चेहरा पांढराफटक होता.

मी फेटा सोडला. माझ्याजवळची तेवढी एकच वस्तू कोरडी होती. जरा घामेजली होती, पण पांढरी. बाळाला तो झगा घातला. करुणानं माझ्या हातांवर तांब्याभर पाणी ओतलं आणि मूल त्यांवर ठेवलं. कमरेपासून खाली मी गाळाचा होतो. पाळकसाहेबही. बाजाशिवाय आम्ही तिघांनीच गीत म्हटलं, बेसूर. गायनप्रमुख मीच होतो. मुलाचं नाव ठेवलं शांतवन. डोक्यावर पाणी पडताच ते असं ओरडलं, की करुणा हसता हसता रडू लागली. मचवा पाण्यावर उचलला गेला, आणि पाळकसाहेब चिखलाच्या पायांनीच रेवदंड्याला निघाले.

दोन दिवसांनी परतताना मांडव्याला माझ्याजवळ पुन्हा बरंच काही जमलं होतं: एलोजीदादांचं तेल, करुणाचे पापड, ओहोटीला गाळातून काढून वाळवलेली मुकी पेटी. पापड खांद्याला, तेल पायाशी. संध्याकाळी समुद्र आणि आकाश एकाच रंगाचे झाले, तेव्हा मी प्रार्थनेला बसलो. शांतवनपासून सुरुवात केली. तळहातांवर त्याचं वजन अजून होतं. पुढचं काम कोणतं ते आठवत होतो, तेवढ्यात झोप लागली. मुंबई आल्याचं नाखवानं हलवून सांगितलं.