आमच्या घरचं धुणं

घरातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साचतात. आमच्या लातूरच्या घरात वाळलेल्या कपड्यांची एक खुर्ची आहे. लग्न होऊन आल्यापासून तिच्यावर माणूस बसलेला मी पाहिला नाही. त्या ढिगातलं एखादं कापड ओढलं की त्याच्यासोबत एक किस्सा बाहेर येतोच.

*

वॉशिंग मशीन घेतलं तेव्हा सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, रेणापूरकडच्या गावाहून ते बघायला आल्या. मशीन सुरू झालं तशा समोर पाट टाकून बसल्या आणि काचेतून आत बघत राहिल्या. कपडे आपोआप धुऊन निघतात, तुम्ही जरा पडा, असं मी सांगून पाहिलं. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"गडी लावला म्हणून कुणी शेत सोडून घरी झोपतं का?" म्हणाल्या.

*

आमचे हे शिक्षक. त्यांना मोबाईलवर एक युक्ती सापडली. ओला शर्ट जोरात झटकायचा, कॉलर आणि बटणपट्टी हाताने ताणायची आणि हँगरला लावायचा. मग इस्त्री लागत नाही. युक्ती खरी निघाली. फक्त ह्यांनी ती गच्चीवर केली, आणि शेजारच्या काकूंनी तिथंच वाळवण घातलं होतं.

काकू भांडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमच्या शर्टाची इस्त्री वाचली, पण आमच्या कुरडया पुन्हा चिकात गेल्या."

*

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. त्यांना धोतराला कडक खळ लागते. एकदा दोघं आमच्याकडे मुक्कामी आले होते, तेव्हा ह्यांनी वेळ वाचवायला साबुदाण्याची खळ सरळ मशीनमध्येच ओतली. आत धोतरासोबत टॉवेल, बनियन, चड्ड्या, सगळंच होतं. वाळल्यावर टॉवेल भिंतीला टेकवला तर उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मामा आंघोळ करून बाहेर आले. चहा ठेवला होता, पण ते काही बसेनात. शेवटी आत्याबाईंना हळूच विचारलं, "आज दिवसभर मला उभंच ऱ्हायाचं हाय का?"

*

धाकट्या दिरांसाठी मुदखेडला मुलगी बघायला जायचं होतं. आदल्या दिवशी आम्ही सगळे गावी जमलो आणि संध्याकाळी लाईट गेली. पँटला इस्त्री नव्हती. मामा म्हणाले, आमच्या काळी कपडे गादीखाली ठेवायचो. पँट जराशी दमट होती. ती गादीखाली गेली आणि गादीवर मामा झोपले. पण गादी होती बाजेवर. सकाळी पँटवर एकही सुरकुती नव्हती, मात्र मांडीपासून पायापर्यंत बाजेच्या सुतळीची सगळी वीण उमटली होती. दुसरी पँट धुण्यात. जायची वेळ झालेली.

मुलीकडे दीर अंग चोरून बसले. मुलीचे वडील बराच वेळ पँटकडेच बघत होते. चहा झाल्यावर त्यांनी कौतुकानं विचारलं, कापड कुठून घेतलं?

दीर म्हणाले, "घरीच विणलेलं आहे."

पडद्याआड मुलगी हसली. लग्न ठरलं.

*

पुढं मामा आणि आत्याबाई आमच्याकडेच राहायला आले. ओल्या ओसरीवर आत्याबाई घसरल्या आणि उजव्या हाताला प्लास्टर लागलं. मामांनी आजवर स्वतःचा रुमालसुद्धा उचलला नव्हता. एका संध्याकाळी मी कपडे काढायला गच्चीवर गेले आणि जिन्यातच थांबले.

नऊवारीची घडी एकट्याच्यानं होत नाही. एक टोक मामांच्या हातात, दुसरं आत्याबाईंच्या डाव्या हातात. मधे सगळी गच्ची. कडेला कड लावायला दोघांनी चालत जवळ यायचं, टोक द्यायचं, घडी धरून मागं सरायचं, पुन्हा जवळ यायचं.

"आवो, हळू," आत्याबाई म्हणाल्या. "पळत कशाला यायलाव?"

तारेवरच्या साड्या एकेक करून उतरल्या. शेवटची घडी झाली तेव्हा मामांनी रिकाम्या तारेकडे पाहिलं.

"संपल्या?"

आत्याबाईंनी इकडं तिकडं बघितलं. मग नीट रचलेल्या चवडीतली वरची साडी उचलली, पुरती मोकळी केली आणि तिचा पदर मामांच्या हातात दिला.