गाळणीतून निसटलेला धातू

जे स्वतः पडताळलेलं नाही, त्याच्या बाजूनं छापलेला कागद तुम्ही कधी लोकांच्या हातात दिला आहे का?

अप्पा, म्हणजे माझे वडील, लातूरच्या एका डाळमिलमध्ये फिटर. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्यांसाठी त्यांनी पत्रकं काढली, तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. घड्या घालायला मात्र बसायचे. पुढं गल्लोगल्ली कोचिंग क्लास निघाले आणि अप्पांची पत्रकं तिकडं वळली. पोरांना उत्तरं पाठ करायला लावतात, प्रश्न विचारू देत नाहीत, हा त्यांचा राग. तो माझ्यातही पुरेपूर उतरला. क्लासची पायरी न चढता मी शिकले आणि नांदेडला रसायनशास्त्रात संशोधन करू लागले.

माझं काम डेंड्रिमरवर होतं. हा झाडासारखा रेणू: प्रत्येक फांदीला दोन फुटतात, त्यांना पुन्हा दोन. शेवटच्या टोकांवर पॅलेडियम बसवायचं. हा धातू रासायनिक क्रिया घडवून आणतो, पण महाग. शिवाय मोकळा सोडला तर तयार मालातही उतरतो आणि सांडपाण्यातही. झाडाला बांधला, तर झाड बारीक छिद्रांच्या पडद्यावर अडकतं, माल खाली उतरतो आणि धातू पुन्हा वापरता येतो. मी तेच झाड पुन्हा पुन्हा वापरलं. दर खेपेला माल तेवढाच निघाला. त्या आनंदात मी अप्पांना फोनवर सांगितलं की धातूचा कणही वाया जात नाही.

अप्पांनी त्याचं पत्रक काढलं. प्रश्न विचारत शिकलेल्या मुलीनं काय केलं पाहा, असा त्याचा सूर. 'कणही वाया जात नाही' हे ठळक अक्षरांत. आमच्या गल्लीतल्या क्लासच्या दारात उभं राहून त्यांनी ते वाटलं.

त्यानंतर माझ्या मार्गदर्शक बाईंनी राहून गेलेली चाचणी करायला लावली. क्रिया अर्ध्यावर असताना गरम द्रावण पडद्यातून गाळायचं आणि खाली आलेलं तसंच तापवत ठेवायचं. धातू वर अडकला असेल तर खालची क्रिया थांबायला हवी. ती थांबली नाही. टोकांवरचा धातू सुटून खाली येत होता. वर उरलेला अजून कामाला पुरत होता, म्हणून माल घटला नव्हता आणि मला गळती दिसली नव्हती. बाई म्हणाल्या, वेळेत कळलं हे बरं झालं. प्रयोगशाळेत तेवढ्यावर भागलं.

एसटीनं घरी आले आणि अप्पांना सगळं समजावून सांगितलं. ते जेवत होते. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला.

"म्हंजी आपन लोकान्ला खोटं सांगितलं?"

मुद्दाम नाही सांगितलं, असं मी म्हणाले.

"त्ये मी इच्यारलंच न्हाई."

मग मी म्हणाले की पत्रक कोण जपून ठेवतंय, लोक विसरतील. हे वाक्य माझ्या तोंडून आलं, पत्रकांवर वाढलेल्या मुलीच्या. अप्पा ताटावरून उठले.

दुरुस्तीचं पत्रक मी लिहिलं. खाली नाव माझं हवं, असा मी हट्ट धरला. पहिलं त्यांच्या नावानं निघालं होतं, म्हणून हेही त्यांच्याच नावानं, यावरून अप्पा हटले नाहीत. सकाळी आम्ही दोघं त्याच दारात उभे राहिलो. क्लासचे मालक स्कूटर लावता लावता वाचू लागले. मग हसत म्हणाले, "अप्पा, लेकीला आमच्याकडं पाठवा की. उत्तर लिहिल्यावर तपासून बघायचं, येवढं तरी शिकवतो आम्ही."

भोवतीची पोरं फिदीफिदी हसली. चिडून उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, तोच अप्पा म्हणाले, "खरं हाय तुमचं," आणि पुढच्या पोराला कागद दिला. मला मान वर करवेना.

पहिलं पत्रक लोहा, नायगावकडची मुलं सुट्टीत गावी घेऊन गेली होती. दुरुस्ती तिथवर पोचली नाही. अजून कुणी भेटलं की अप्पांना कौतुकानं विचारतं, कणही वाया जात नाही ना? आणि अप्पा रस्त्यात थांबून पुन्हा पहिल्यापासून सांगतात.

म्हणून विनंती आहे. तो कागद तुमच्या घरी असेल तर त्यातलं ठळक वाक्य खोडा, खाली लिहा 'धातू सुटतो, मुलीनं तपासायच्या आधीच सांगितलं', आणि ज्यांना तो वाचून दाखवला असेल त्यांना हेही वाचून दाखवा.