आईला काय ठाऊक

शिंपीणबाईंच्या हातात कात्री असली की तोंडही तसंच चालायचं. बाही तोकडी झाली म्हणून गिऱ्हाईक कुरकुरलं, तर बाही तेवढीच आहे, हात वाढलाय, असं त्या शांतपणे ऐकवत. अशी बाई डॉक्टरीणबाईंपुढे गप्प बसणं शक्यच नव्हतं.

नऊ वर्षांच्या लेकीला, मनीला, ऑटिझम आहे हे त्यांनी केव्हाच मान्य केलं होतं. त्या दिवशीची परीक्षा मात्र त्यांच्या पचनी पडेना. डॉक्टरीणबाईंनी मनीला बिस्किटांचा डबा उघडून दाखवला, आत बटणं. डबा पुन्हा बंद करून विचारलं, बाहेर बसलेल्या आईने हा पाहिला तर आत काय आहे असं तिला वाटेल? मनी म्हणाली, बटणं. आईला आत बोलावून त्यांनी हे सांगितलं, तर ते म्हणे चुकलं.

"चुकलं कसं? आमच्या दुकानात बिस्किटांच्या डब्यात बटणंच असतात," शिंपीणबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंना हसू आलं. त्यांनी मनीसमोरच पेन्सिलींच्या खोक्यात मोजे घातले आणि आत काय आहे असं बाहेरच्या नर्सला वाटेल, ते मनीला विचारलं. मनी म्हणाली, मोजे. आपल्याला माहीत असलेलं दुसऱ्याला माहीत नसतं, हे काही मुलांना उशिरा उमगतं. तिला सांगायची सवय लावा, असं त्या समजावत राहिल्या. शिंपीणबाईंनी ते या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. आपली पोर काही लपवत नाही, तिला काही झालं तर आपल्याला कळेलच, अशी त्यांना खात्री होती.

मनी आता एकटीच अंघोळ करायची, कपडेही स्वतःच घालायची. बाईंना त्याचं कोण कौतुक. महिनाभराने नव्या झग्याचं माप बघताना त्यांनी तिचा शाळेचा लांब बाह्यांचा सदरा उतरवला, तर दंडावर काळेनिळे डाग. जुने, नवे, एकावर एक. खोदून खोदून विचारल्यावर कळलं, शाळेच्या गाडीत शेजारी बसणारी मोठी मुलगी महिनाभरापासून रोज चिमटे काढते.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला माहीत आहे," मनी म्हणाली.

"नाही गं राणी, मला माहीत नव्हतं."

"मला दुखायचं. तुला माहीत आहे." आवाजात ना राग, ना तक्रार.

बाईंना डॉक्टरीणबाईंचा तो बिस्किटांचा डबा आठवला. म्हणजे महिनाभर या पोरीच्या लेखी आईला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असूनही आई वेणी घालत होती, उशीर झाला म्हणून ओरडत होती, त्याच गाडीत बसवत होती. आणि पोर रोज सकाळी त्याच आईचा हात धरून मुकाट्याने गाडीपर्यंत चालत येत होती.