मामांच्या खांद्यावरचं पोतं

सुखराम मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोंदियाला शाळेत पेपर तपासत होते. आईला कसं सांगायचं या विचारातच अर्जुनी मोरगावची गाडी धरली. घरी पोचले तर तिला आधीच कळलेलं. ती एवढंच म्हणाली, "दादा सारा जन्म चालतच रायला व बाई..." दोन महिने होत आले, ते वाक्य डोक्यातून जात नाही.

मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ, आमच्याच मोहल्ल्यातले. दुसऱ्यांच्या भाताच्या बांध्यांत राबणारा हा माणूस दरवर्षी दसऱ्याच्या आधी वस्तीतल्या तीस-चाळीस जणांना पायी दीक्षाभूमीला नेई. सहा दिवसांची वाट. चालायचं काम आमचं, सामानाचं मामांचं. पंधरा दिवस आधी ते सायकलवर मुक्कामाच्या गावोगावी जाऊन यायचे आणि कुठून कुठे कोण आमच्या सामानाची पोती पोचवील ते ठरवायचे. कधी दुधाची गाडी, कधी गिरणीचा ट्रॅक्टर, कधी एसटीचा टप. संध्याकाळी आम्ही पाय ओढत विहारात पोचायचो तर आमची अंथरुणं आमच्या आधी तिथे हजर! शाळेत सहल काढायची तर आम्हा चार मास्तरांची तारांबळ उडते. मामांनी हे सगळं फक्त बोलून जमवलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, "पाय मोकळे पायजेत. वझं असलं का मानूस वझ्याचाच इचार करते."

बाबा गेले त्या वर्षी, म्हणजे २००१ साली, आई पहिल्यांदा बाबांशिवाय निघाली. बाबांनी आजारपणाआधी तिला एक पांढरं लुगडं आणलं होतं. ते दीक्षाभूमीवरच नेसायचं असं दोघांचं ठरलेलं. बाबा राहिले नाहीत, लुगडं राहिलं. ते तिने घडी न मोडता पोत्यात घातलं. आमच्या सगळ्यांचीच पोती युरियाची, एकाच सोसायटीतून आणलेली, धुऊन स्वच्छ केलेली. ओळखायची कशी, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. तिसऱ्या मुक्कामी आईने पोतं सोडलं आणि आत निघाला गिरणीचा कोंडा! वाटेत गिरणीवर ट्रॅक्टर थांबला होता, तिथे पोती बदलली. ट्रॅक्टरवाला हात झटकून म्हणाला, "अरे भाई, सब बोरे एक जैसे, मैं क्या करूँ?" दोघी-तिघी हसल्या. आई मात्र मटकन खाली बसली. बाबांच्या मरणातही न रडलेली माझी आई त्या कोंड्यापुढे ढसाढसा रडली.

मामा आले, कोंडा हातात घेऊन पाहिला. "काऊन रडून रायली व बाई? सापडते. तू सकारी चालू लाग, मी येतो." आणि ते आल्या वाटेने परत फिरले. गिरणी पाच-सहा कोस मागे होती. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सडकेच्या कडेला भाकरी खात होतो, तर मामा येताना दिसले. खांद्यावर पोतं, पायाला चिंध्या गुंडाळलेल्या. आम्ही जी वाट एकदा चाललो ती ते तीनदा चालले होते. आईपुढे पोतं ठेवून म्हणाले, "पाह्य, तुहंच हाये ना?" दसऱ्याला आई ते लुगडं नेसून उभी राहिली, तेव्हा मामा मागे गर्दीत कुठेतरी पाय चोळत बसले होते.

पुढच्या वर्षापासून प्रत्येकाच्या पोत्याला घरातल्या जुन्या लुगड्याचा काठ बांधायची रीत पडली. पुन्हा एकही पोतं हरवलं नाही. पण मामा स्वतःचं पोतं कधीच गाडीत टाकत नसत, ते खांद्यावरच. आम्ही चिडवायचो, "मामा, सोनं हाय का त्यात?" ते हसायचे. "माहं मलेच वाहू द्या." कोंड्याची धास्ती बसली असेल, असं आम्ही धरून चाललो. रोज संध्याकाळी ते अंगावरचा सदरा बोरिंगवर धुवायचे आणि सकाळी तोच ओलसर सदरा घालून निघायचे. हे मी दहा-अकरा वर्षं पाहिलं. दुसरा सदरा का घालत नाहीत, हे मला, मास्तरणीला, एकदाही विचारावंसं वाटलं नाही... याची लाज वाटते.

परवा मामांच्या सुनेने ते पोतं आमच्याकडे आणून दिलं. आईने गाठ सोडली. आत एक पांढरं लुगडं, एक पांढरा सदरा, एक धोतर. सगळं कोरं, दुकानातल्या घडीतलं. घड्यांच्या रेषा तेवढ्या पिवळ्या पडलेल्या. त्यांचं स्वतःचं म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं. कुणाचं पोतं हरवलंच, तर त्या माणसाला दीक्षाभूमीवर मळक्या कपड्यांत उभं राहावं लागू नये, म्हणून दरवर्षी सहा दिवस ते हे वाहत होते. कुणाला लागलंच नाही.

मग आईने सगळं होतं तसं आत ठेवलं, गाठ मारली आणि पोतं माझ्यापुढे सरकवलं. तिचे गुडघे आता चालत नाहीत.

"दसऱ्याले तू जाशील ना?"

"जाईन."

"मंग हे गाडीत टाकू नोको."