ट्रंक बोर्डावरचा दुपारचा प्रश्न

मला नोकरी लागली ती घशाच्या जोरावर, आणि पहिल्याच महिन्यात ती जाता जाता राहिली तीही घशापायीच. आमचं घर विणकरांचं. नागपुरात इतवारीच्या मागच्या गल्लीत घरोघरी हातमाग, आणि त्या खटखटीतून आईला "भाजीत मीठ घालू काय?" एवढं विचारायचं तरी शेजारच्या घरातून "घाल!" असं उत्तर यायचं. तोच आवाज घेऊन मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसले. आमच्यावर देखरेख करायला मॉनिटरबाई पाठीमागून फिरायच्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही अशाच बोलत राहिलात तर रायपूरपर्यंत तार टाकायची गरजच नाही." मी आवाज खाली आणला. हट्टी स्वभाव काही खाली आला नाही.

ज्यांनी ट्रंक कॉलचा जमाना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. सत्तरच्या दशकात नागपूरहून अकोल्याला फोन करायचा तर आधी आमच्याकडे नोंदवावा लागे. मग मी बोर्डाच्या भोकात तारेची दोरी खुपसून अकोल्याच्या ऑपरेटरला गाठायची, ती तिकडचा नंबर लावून द्यायची, आणि तुमचं नशीब असेल तर तासाभरात बोलणं व्हायचं. दर तीन मिनिटांनी आम्ही मध्ये तोंड घालायचो. "तीन मिनिटं झाली, वाढवायचं काय?" सासूची तब्येत सांगता सांगता रडणाऱ्या माणसालाही हे विचारावंच लागे.

म्हणजे दिवसभरात मी सगळ्यांत जास्त जिच्याशी बोलायची ती अकोल्याची मुलगी. तिचं तोंड मी पाहिलेलं नव्हतं. नाव विचारायची पद्धत नव्हती. ती 'अकोला' आणि मी 'नागपूर'. तसेच एक 'जबलपूर' होते, निवृत्तीला आलेले, हिंदी बोलणारे, पान तोंडात धरूनही स्पष्ट बोलू शकणारे एकमेव गृहस्थ. आणि 'वर्धा' म्हणजे नुकता नोकरीला चिकटलेला एक पोरगेला ऑपरेटर. त्याला काहीही सांगा, तो करून बघायचा.

उन्हाळ्यात दुपारी इतवारीचे व्यापारी शटर अर्धं ओढून गादीवर आडवे झाले की कॉल आटायचे. नागपूर पडलं मधोमध. बोर्डावर थोडी हातचलाखी केली की अकोला, जबलपूर आणि वर्धा तिघांनाही एकाच वेळी लाइनवर घेता यायचं. हे अर्थातच चालत नव्हतं. पण मॉनिटरबाईही माणूसच होत्या, आणि दुपारी त्यांचाही डोळा लागायचा. मग आमची सभा भरायची. पाळीपाळीने एकाने प्रश्न टाकायचा आणि बाकीच्यांनी त्यावर भांडायचं.

प्रश्न कुठलाही चाले. सावजी रस्सा खाऊन नाका-डोळ्यांतून पाणी आलेला माणूस पुन्हा वाटी पुढे का करतो? माठात पाणी गार होतं, तर माठात बसलेला माणूस का होऊ नये? सगळ्यांत गाजला तो अकोल्याचा प्रश्न, की खिशात कांदा ठेवला तर लू, म्हणजे उन्हाची झळ, लागत नाही हे खरं काय. वर्ध्याने दोन्ही खिशांत कांदे घालून भर दुपारी सायकलवर चक्कर मारली आणि दुसऱ्या दिवशी तो कामावरच आला नाही. आम्ही म्हटलं, प्रश्न निकालात निघाला. तर अकोला म्हणे, "लाल घेतले असन बाप्पा त्यानं. पांढरा पायजे." झालं! पुन्हा पहिल्यापासून. जबलपूरने आठवडाभर पांढरा कांदा बाळगला आणि लू लागली नाही असं जाहीर केलं. नंतर कळलं की ते आठवडाभर घराबाहेरच पडले नव्हते. तो वाद इतका लांबला की मॉनिटरबाईंच्या कानावर जाता जाता राहिला. तेव्हापासून आम्ही नियम केला की ज्या दिवसाचा प्रश्न त्याच दिवशी संपवायचा. दुसऱ्या दिवशी उकरून काढायचा नाही.

एका दुपारी अकोल्याने प्रश्न टाकायचं सोडून बातमीच टाकली. तिला स्थळ आलं होतं. आमच्या नागपुरातलंच, लकडगंजात लाकडाची मोठी टाल म्हणजे वखार, एकुलता एक मुलगा. "अन् नोकरी?" मी विचारलं. तिची नोकरी तिने कशी मिळवली ते मला माहीत होतं. घरात बाप नको म्हणत असताना परीक्षेला गेली होती. ती म्हणाली, "करू देऊन राहिले नं. मुलाचे वडील आमच्या घरी बसून हो म्हणाले. नागपूरले बदली करून घे म्हणे." आणि मग थोडं लाजून, "नागपूर, तू पाहून ये नं एकदा. मले तं त्याचं तोंडही नीट दिसलं नाही."

रविवारी मी टालीवर गेले. मागाला फळी पाहिजे असं सांगून सागाचा भाव विचारला, मग शिसवाचा, मग पुन्हा सागाचा. मुलाने न कंटाळता सांगितला. त्याचे वडील गल्ल्यावरून ओरडले, "घ्याचं असन तं घ्या बाई, दुकान बंद कराचं हाय!" आवाज असा घोगरा, की लाकडावर करवत चालवल्यासारखा. सोमवारी मी लाइनवर अहवाल दिला. मुलगा सभ्य आहे, केसांना तेल बेताचं आहे, कान तेवढे मोठे आहेत. जबलपूर लगेच म्हणाले, "कान बड़े हैं तो अच्छा है. बीवी की सुनेगा." अकोला एवढी हसली की मध्ये एक कॉल तुटला.

सुपारी फोडून लग्न पक्कं करायची तारीख ठरली. आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात लकडगंजातून अकोल्याला एक कॉल नोंदवला गेला. त्या वेळी तिकडे बोर्डावर दुसरीच कुणी होती. मी जोडून दिला. बोलणाऱ्याने ओरडून तक्रार केली की काहीच ऐकू येत नाही, म्हणून मी दोरी हलवली, आवाज नीट आला की नाही ते पाहायला कान लावला, आणि तो करवतीचा आवाज ओळखला. तिकडे त्यांचा कुणी मेव्हणा होता. टालवाले सांगत होते, "आता हो म्हणून टाकलं. नाही म्हटलं तं पोरगी हातची जाते. एकदा घरात आली की कोन पाठवते नोकरीले?" मेव्हणा हसला. मी म्हटलं, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं काय?"

राग आला, नुसता राग नाही, त्या टालीला काडी लावावी असा राग आला. पण नोकरीत घेताना आम्हाला सगळ्यांत पहिल्यांदा शिकवलं होतं की लाइनवर ऐकलेलं या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही. मी त्या नियमाला निव्वळ नोकरीच्या भीतीने पाळत नव्हते. लोक आमच्यावर विसंबून आपल्या घरातलं सगळं त्या तारेवर सोडायचे. आज टालवाल्याचं फोडलं, तर उद्या कुणाचं फोडणार नाही असं मी स्वतःला तरी कशी सांगणार होते? सांगायचं नाही, हे मी त्याच क्षणी ठरवलं. आणि अकोल्याची नोकरी जाऊ द्यायची नाही, हेही त्याच क्षणी ठरवलं. दोन्ही एकदम कसं करायचं ते मात्र ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रश्नाची पाळी माझी होती. मी विचारलं, "एखाद्यानं घरात बसून हो म्हटलं, पन चारचौघांसमोर म्हटलं नाही, तं त्याले हो धराचं काय?"

जबलपूर म्हणाले, "बिटिया, घर में तो हमने सौ बातों पर हाँ कहा है. एक भी याद नहीं." वर्धा म्हणाला, माणसावर आहे. अकोला मात्र तुटून पडली. "शब्द म्हंजे शब्द. घरात देल्ला काय अन् बाजारात देल्ला काय. चारचौघांत वदवून घ्याचं म्हंजे समोरच्याले चोर ठरवणं झालं." मी म्हटलं, चोर नसेल त्याला चारचौघांत बोलायला काय जातं? ती म्हणाली, विश्वासाला साक्षीदार लागत नाहीत. बोलायला ती माझ्यापेक्षा हुशार होती. त्या दिवशी मी हरले.

दुसऱ्या दिवशी पाळी वर्ध्याची होती. मी त्याची पाळी ओढून घेतली आणि तोच प्रश्न पुन्हा टाकला. सगळ्यांनी नियम काढून दाखवला. मी म्हटलं, नियम गेला खड्ड्यात, मला उत्तर पटलेलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. जबलपूर म्हणाले, "नागपूर की सुई अटक गई है." वर्धा कंटाळून म्हणाला, "ताई, कांदा बरा होता." मी मागे हटले नाही. मागावर धागा तुटला तर आमच्याकडे बोटाने चाचपून तो सापडेपर्यंत उठत नाहीत, आणि मी त्याच घरातली.

शेवटी अकोला भडकली. "तुले माह्यं लग्न होऊ द्याचं नाही काय वं?" मग तिचा आवाज खाली आला. "नागपूर, खरं सांग. तू काहून अशी भांडून राहिली?"

"मी नाही सांगू शकत," मी म्हटलं.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, काय नखरे करते. पण ते तिघंही ऑपरेटर होते. आमच्या धंद्यात सांगता येत नाही अशी गोष्ट एकच प्रकारची असते. जबलपूर खाकरले. त्यांना त्या दिवशी विनोद सुचला नाही. "हम ज़रा चाय पी के आते हैं," म्हणाले आणि लाइनवरून गेले. वर्धाही पाठोपाठ गेला. आम्ही दोघीच उरलो, आणि तारेचा तो घूं घूं आवाज. अकोला म्हणाली, "बरं."

मी नियम मोडला की पाळला, यावर माझं माझ्याशी पुष्कळ भांडण झालं आहे. टालवाल्याचा एक शब्द माझ्या तोंडून गेला नाही. तरी जे पोचायचं ते पोचलं. कुणाला यात लबाडी दिसेल तर दिसू दे. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन.

सुपारी रविवारी होती. सोमवारी दुपारी तिने मला एकटीलाच लाइनवर घेतलं आणि सांगितलं. पाहुणे बसले, चहा आला, आणि तिने ट्रे खाली ठेवून सगळ्यांसमोर म्हटलं, "लग्नानंतर मी बोर्डावर जाईन. तुमी घरी हो म्हणाले होते, आता सगळ्याइच्या समोर म्हणा." टालवाले हसले. म्हणाले, पाहू नं मग, काय घाई आहे. ती म्हणाली, "पाहू नाही. हो म्हणा." मग तिने मुलाकडे पाहिलं. मुलाने वडिलांकडे पाहिलं.

"कान मोठे हायेत खरे," अकोला म्हणाली. "सगळं आयकलं त्यानं. बोलला काहीच नाही."

पाहुणे चहा तसाच टाकून उठले. तिच्या आईने पदराचा बोळा तोंडात धरला. वडिलांनी पुढ्यातला चहा पिऊन टाकला. वाया कशाला घालवायचा, म्हणाले. हे सांगताना अकोला हसत होती, आणि हसता हसताच रडायला लागली. मी तिला काही समजावलं नाही. येणारे कॉल मी एकटीने ओढले आणि तिला रडू दिलं.

पुढचं काही सोपं नव्हतं. आई तिच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. पोरगी जिभेची तिखट आहे असं नात्यात पसरलं, आणि दोन स्थळं घरापर्यंत न येताच परतली. मला वाईट वाटायचं, फार वाटायचं. चूक केली असं मात्र एकदाही वाटलं नाही. आणि ती रोज बोर्डावर येत होती. दुपारी भांडत होती. काही वर्षांनी तिने एका शिक्षकाशी लग्न केलं, तेही पत्रिका छापायच्या आधी चारचौघांत वदवून घेऊन. लग्नानंतरही बोर्ड सुटला नाही.

आमची भेट झाली ती ऐंशीनंतर. लोक घरूनच परगावचे नंबर फिरवायला लागले होते आणि आम्हाला दुसऱ्या कामाचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं होतं. त्यासाठी ती नागपुरात आली. मी तेव्हा लग्न होऊन नंदनवनला राहायला गेले होते. दारात एक ठेंगणी, चष्मेवाली बाई उभी होती. मी ओळखलं नाही. ती म्हणाली, "नागपूर?" आणि मी तिला तिथेच मिठी मारली.

सबंध दुपार ती बसली आणि तिने मला प्रश्नांनी भंडावून सोडलं. पंखा असा आवाज का करतो? शेजारीण भिंतीवरून डोकावून राहिली ती कोण? नवरा घोरतो काय? जबलपूर अजून आहेत काय, आणि नसतील तर आपल्याला कोण सांगणार? जगातली कुठलीही गोष्ट विचारल्याशिवाय या बाईला चैन पडत नसे. संध्याकाळ झाली, तिने चपला घातल्या आणि दारात थांबली. मला वाटलं, आता विचारणार. इतकी वर्षं मनात ठेवलेलं, त्या आठवड्यात मी काय ऐकलं होतं ते. तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि घट्ट दाबून धरला.

"येतो वं, नागपूर," ती म्हणाली, आणि गेली. विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं. तिला ते माहीत होतं.