सुनंदाबायची उलटी काच

त्या दिवशी सकाळी किन्हवलीहून पुतण्याचा फोन आला, "काकी, आई गेली..." आणि मी फोन तसाच धरून भिंतीवरच्या काचेकडे बघत राहिले. काळी चौकट, आत सोनेरी वेलबुट्टी. आमच्या वाशिंदच्या घरी येणाऱ्या सगळ्यांना ती वेलबुट्टीच वाटते. ती बायने केली होती. बाय म्हणजे सुनंदाबाय, माझी थोरली जाऊ. तिला जाऊन आता दीड महिना होईल. शेवटच्या भेटीतही माझ्या साडीच्या रंगाला नावं ठेवून खुदुखुदु हसली होती. त्यामुळे मनसोक्त रडून झाल्यावर आता तिची आठवण आली की हसूच येतं.

नव्वदनंतरची गोष्ट. मी लग्न होऊन किन्हवलीला आले. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात 'स्वाती' लिहिलं आणि खर्डीची शेवंती तिथेच संपली. मला ते मुळीच आवडलं नव्हतं. पणजीचं नाव होतं माझं, लाडाने ठेवलेलं. कुणी 'स्वाती' म्हणून हाक मारली की मी ओ द्यायलाच विसरायचे, आणि सासूबाई म्हणायच्या, "बहिरी हाय का काय गो ही?" एकदा विहिरीवर बायने हळूच विचारलं, "माहेरचं नाव काय गो तुजं?" मी सांगितलं. "आणि तुझं?" म्हटलं, तर म्हणाली, "माजं काय, मी सुनंदाच बरी," आणि हंडा उचलून चालू लागली.

बाय मुरबाडची. तिचे वडील देवांच्या तसबिरी मढवायचे, काचेवर सोनेरी नावं करायचे. ती कला बाय सासरी घेऊन आली होती. भात लावून झालं, कापून झालं की मधल्या घरात तिची बैठक मांडली जाई. औषधाच्या दुकानातून रिकाम्या कॅप्सुल आणून गरम पाण्यात विरघळवायच्या, ते चिकट पाणी काचेच्या मागच्या बाजूला लावायचं, आणि मग पितळी वर्ख. तो इतका पातळ की कुणी शिंकलं तरी उडायचा. म्हणून पहिली आज्ञा असे, "पंखा बंद करा!" ऐन वैशाखातसुद्धा. सासूबाई कुरकुरत ओटीवर जाऊन बसायच्या. बाय मऊ ब्रश आधी स्वतःच्या गालावरून फिरवायची, गालाच्या तेलकटपणाने वर्ख ब्रशला चिकटतो म्हणून. काम संपेपर्यंत तिच्या गालावर सोनेरी ठिपके पडलेले असत आणि तशीच ती भाकऱ्या थापायला बसायची. वर्ख सुकला की त्यावर काळ्या रंगाने अक्षरं काढायची आणि उरलेला वर्ख ओल्या कापसाने पुसून टाकायचा, की पुढून रंगामागचा वर्ख तेवढा सोनेरी अक्षरांसारखा दिसतो. काच पुढून बघायची असल्यामुळे मागून सगळं उलटं लिहावं लागतं. बाय ते झरझर लिहायची. मला शिकवून शिकवून थकली. माझा हात आपला सरळच चाले. "तुजा हात शाळेत जाऊन बिगडला," असं म्हणायची.

दोन हजार साल उलटलं आणि यांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही वाशिंदला खोली घेतली. निघताना बायने ही काच हातात दिली. सासूबाई जवळच उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, "काय गो हे?" बाय म्हणाली, "वेल हाय." मी बघितलं तर खरंच काही वाचता येईना. नाव घालायचं असेल तर चुकलीस, असं मी तिच्या कानात म्हटलं. "चुकलं असंल. आरशासमोर लाव, बरं दिसंल," एवढंच ती बोलली. वाशिंदला आल्यावर काच आरशासमोरच्या भिंतीवर लावली, वेणी घालायला बसले, आणि आरशात माझ्या खांद्यामागे लखलखीत सोन्यात उमटलं... शेवंती. त्या दिवशी मी हातात कंगवा धरून मनसोक्त रडले. तेव्हापासून रोज सकाळी मला माझं नाव भेटतं. लहानपणापासून उलटं लिहिणारी बाय काय अशी चुकणार होती?

तिच्या दिवसांना मुरबाडहून तिचा म्हातारा भाऊ आला. उंबऱ्यातच बसकण मारून रडू लागला, "हौसे गो... हौसे..." इतक्या वर्षांत मी ते नाव पहिल्यांदा ऐकलं. हौसा! तिला किती शोभलं असतं.

पुतण्याकडून तिचा उरलेला वर्ख मागून घेतला आणि इथे घरी बसले. उलटं लिहिणं मला कधी जमलं नाही, पण आरशासाठी काचेमागून सरळच लिहायचं असतं! गालावर ब्रश फिरवला, पहिले दोन वर्ख फाटले, तिसरा बसला. आता वेणी घालताना माझ्या मागे आम्ही दोघी असतो.

परवा सासूबाई राहायला आल्या. खाटेवर बसून बराच वेळ दोन्ही काचांकडे बघत होत्या.

"ही नवी पन वेलच काय गो?"

"हो आई. ही बायच्या माहेरची."

त्यांनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मंग माजी पन कर एक. माहेरी मला चिमी म्हनायचे."

मी उठले आणि पंखा बंद केला.